"टेन्शन घेऊ नकोस" म्हणजे नक्की काय करायचं? (११वा आठवडा, नोकरी चालू)

निशिगंध:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मला ११वा आठवडा चालू आहे. ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी ८व्या आठवड्यात सोनोग्राफीला गेलो होतो, तिथल्या बाई आधी मस्त गप्पा मारत होत्या, मग एकदम गप्प झाल्या आणि स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवून घेतली. ठोके नाहीत वगैरे नंतर सांगितलं, पण मला काय ते त्या स्क्रीन वळवण्यातच कळलं. दीड वर्ष झालं त्याला.

तेव्हा ऑफिसात ऑडिटचा सीझन होता, रोज रात्री ११-१२ पर्यंत लॅपटॉप, एकदा तर बॉसशी जोरदार वाजलंपण होतं. त्यामुळे झालं काय की जो भेटेल तो तेच, "फार टेन्शन घेतलंस गं तू". सासूबाई, माझी आई, शेजारच्या काकू, अगदी नवरापण एकदा बोलून गेला, नंतर सॉरी म्हणाला पण बोलला ते बोललाच. आणि आता परत तोच सीझन तोंडावर आलाय. रोज पहाटे ३ ला टक्क जाग येते आणि मग मला टेन्शन आल्याचंच टेन्शन येतं, की आत्ता या क्षणी मी बाळाचं काहीतरी वाईट करतेय.

तर प्रश्न असा की कामाच्या ताणाने, धावपळीने खरंच असं होतं का? आणि होत असेल तर मी नक्की काय बदलू? नोकरी सोडणं शक्य नाही, घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो. आणि हात जोडून विनंती, नुसतं "टेन्शन घेऊ नकोस" लिहू नका, ते ऐकून ऐकून कान किटलेत.

काजवा:
अगं निशिगंध, आधी एक घट्ट मिठी. माझ्या वेळी मी जिने चढले म्हणून झालं, माझ्या जावेचं हात वर करून कपडे वाळत घातले म्हणून झालं, मैत्रिणीचं लांबचा प्रवास केला म्हणून. कारण काहीही असो, केलेलं बाईनेच असतं, हे ठरलेलं :( बाकी माहितीचं जाणकार सांगतीलच, मी नुसती हजेरी लावून जातेय.

स्टेथो:
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पण तुझी फाइल माझ्यासमोर नाही, त्यामुळे हे सगळं सर्वसाधारण समज आणि तुझ्या डॉक्टरांशी बोलच.

पहिलं म्हणजे तुझ्या मागच्या वेळेबद्दल. प्रेग्नन्सी आहे हे कळल्यानंतरसुद्धा साधारण १०० पैकी १० ते २० वेळा गर्भपात होतो, आणि त्यातले बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांतच. इतकं कॉमन आहे हे, पण कुणी बोलत नाही म्हणून प्रत्येकीला वाटतं आपल्यालाच झालं. या सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निदान निम्म्यांत कारण असतं गुणसूत्रांचा घोळ. बीज तयार होताना किंवा पहिल्या काही पेशींची वाटणी होताना एखादं गुणसूत्र जास्त किंवा कमी पडतं आणि मग गर्भ पुढे वाढूच शकत नाही. म्हणजे तू बॉसशी भांडलीस त्याच्या कितीतरी आधी, बहुधा तुला दिवस गेलेत हे कळायच्याही आधी, ते ठरून गेलेलं असतं. लॅपटॉपने, जिन्याने, भांडणाने, हात वर केल्याने गुणसूत्रं मोजायला चुकत नाहीत.

आता कॉर्टिसॉल. ताणाचं हे हार्मोन सगळ्यांना ऐकून माहीत असतं, पण गरोदरपणात ते तसंही वाढतं, शेवटच्या महिन्यांत नेहमीच्या दुप्पट-तिप्पट होतं, आणि ते गरजेचंही असतं. आणि वार, म्हणजे प्लॅसेंटा, ही काही नुसती नळी नाही. तिच्यात एक एन्झाइम असतं (११-बीटा-एचएसडी-२ असं भयानक नाव आहे त्याचं) जे आईच्या कॉर्टिसॉलचं बरंचसं निष्क्रिय रूपांत बदलून टाकतं. थोडं पलीकडे जातंच, पण तुझं एका मीटिंगमधलं धडधडणं सरळ बाळाच्या अंगावर जाऊन आदळतं हे चित्र डोक्यातून काढून टाक. मध्ये दारावर माणूस बसवलेला आहे.

शंकासुर:
डॉक्टर, म्हणजे ताणाचा काहीच परिणाम होत नाही असं म्हणायचंय का? मग ते कॅनडातलं बर्फाचं वादळ? क्यूबेकमध्ये जानेवारी १९९८ मध्ये आइस स्टॉर्म आलं होतं, लाखो लोक कडाक्याच्या थंडीत विजेविना, काही जण तर महिनाभराच्या वर, आणि तेव्हा गरोदर असलेल्या बायकांच्या मुलांचा पुढे कित्येक वर्षं अभ्यास केला, तर मुलांच्या भाषेत आणि बौद्धिक चाचण्यांत फरक दिसला. शिवाय नेदरलँड्समधला १९४४-४५ चा दुष्काळी हिवाळा आहेच. धीर देणं वेगळं आणि अर्धवट सांगणं वेगळं.

स्टेथो:
शंकासुर, बरोबर जागी बोट ठेवलंत, पण दोन्ही उदाहरणं जरा नीट बघा. आइस स्टॉर्मवाल्यांनी दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या होत्या, एक म्हणजे प्रत्यक्षात किती हाल झाले, किती दिवस वीज नव्हती, घर सोडावं लागलं का वगैरे, आणि दुसरी म्हणजे बाई मनातून किती हादरली. मुलांमधला फरक जास्त जुळला तो पहिल्या गोष्टीशी. आणि डच हिवाळ्यात लोकांना दिवसाला १००० कॅलरीसुद्धा मिळत नव्हत्या, तिथे मूळ मुद्दा उपासमारीचा होता, कमी वजनाची बाळं झाली ती त्यातून.

काहीच परिणाम नाही असं मी म्हणत नाहीये. महिनोन् महिने चाललेला जबर ताण, घरातली मारहाण, उपचार न घेतलेलं डिप्रेशन, यांचा संबंध अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीशी आणि बाळाच्या कमी वजनाशी दिसतो. पण मनात आलेली काळजी एक, आणि परिस्थितीने अंगावर टाकलेले हाल दुसरे. पहिलीबद्दल बाईला दोष देत बसतो आणि दुसरे कुणी हटवायला जात नाही, हे माझं रोजच्या ओपीडीतलं दुखणं आहे.

निशिगंध:
"दारावर माणूस बसवलेला आहे" हे मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. थँक्यू स्टेथो. रडून घेतलं जरा, पण चांगलं रडू होतं.

रातपाळी:
मी नर्स आहे, आयडीवरून कळलं असेलच :) डॉक्टर म्हणतायत त्या "अंगावर टाकलेल्या" गोष्टींबद्दल लिहिते कारण आमच्या कामात त्याच जास्त.

मला ७वा आठवडा असताना सलग चार नाइट लागल्या. नाइटला काय होतं की सकाळी ८ ला घरी येऊन पडदे ओढून झोपायचं, ११ ला कुणीतरी बेल वाजवतं, १ ला भूक लागून जाग येते पण खाल्लं की मळमळतं, आणि संध्याकाळी परत डोळ्यांत वाळू घेऊन निघायचं. त्यात पेशंटला कुशीवर वळवणं, बेडवरून स्ट्रेचरवर घेणं. दोघींचं काम असतं, पण रात्री दुसरी असते कुठे. शेवटी मी डेन्मार्कमधला अभ्यास शोधून काढला, २०१९ चा आहे, तिथल्या २२ हजारांवर नोकरदार गरोदर बायकांच्या पगारपत्रकावरून कुणी किती नाइट केल्या ते मोजलेलं. आठवड्यात दोन किंवा जास्त नाइट केलेल्या बायकांत पुढच्या आठवड्यात गर्भपाताची जोखीम ३२ टक्क्यांनी जास्त निघाली, आठव्या आठवड्यानंतरच्या गर्भपातांची. तो कागद आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन इनचार्ज सिस्टरांकडे गेले. त्या म्हणाल्या "आम्ही नाही का केल्या नाइट?" मी म्हटलं केल्यात की सिस्टर, पण तुम्हाला कुणी विचारलं तरी होतं का? त्या दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग ड्युटीचा तक्ता ओढला, पेन्सिलने माझं नाव खोडून डे ला टाकलं.

काजवा:
पेन्सिलवालं वाचून अंगावर काटा आला.

स्टेथो:
रातपाळी, छान केलंस. फक्त वाचणाऱ्यांसाठी, ३२ टक्के म्हणजे १०० पैकी ३२ नव्हे हां. त्या आठवड्याची जी मूळ छोटीशी जोखीम असते ती साधारण एक तृतीयांशाने वाढते. आठव्या आठवड्यानंतर मूळ जोखीम कमी होत आलेली असते, त्यामुळे ज्यांनी नाइट केल्यात त्यांनी घाबरून जाऊ नये, पण ज्यांना नाइट टाळता येण्यासारखी आहे त्यांनी जरूर टाळावी. रात्रीच्या उजेडात मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं हार्मोन, दबतं, शरीराचं घड्याळ बिघडतं, असं त्यामागचं कारण मानतात.

जड उचलणं आणि तासन् तास उभं राहणं यांचंही तसंच, वाढणारी जोखीम थोडीच असते पण असते, आणि या गोष्टी बदलता येतात. गुणसूत्रं बदलता येत नाहीत, खुर्ची मागता येते.

खडू_फळा:
खुर्चीवरून आठवलं. मी शाळेत शिकवते, पाच-पाच तास उभी. शिक्षक बसून शिकवत असला की इन्स्पेक्शनला आलेल्यांना तो आळशी वाटतो म्हणे. सहाव्या महिन्यात संध्याकाळी चपलेचे पट्टे पायात रुतून खळगे पडायचे, बोटाने दाबलं की खड्डा तसाच राहायचा.

पण माझा खरा घोटाळा वेगळाच झाला आणि तो कुणीच सांगत नाही म्हणून लिहितेय. आमच्याकडे लेडीज टॉयलेट दुसऱ्या इमारतीत, मधल्या सुट्टीत रांग. म्हणून मी काय केलं, पाणीच कमी प्यायला लागले. सकाळी घरातून एक ग्लास, मग थेट दुपारी. तिसऱ्या आठवड्यात लघवीला आग, मग थंडी वाजून ताप, मग तीन दिवस सलाईन. इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की गरोदरपणात हार्मोनमुळे मूत्रवाहिन्या सैल पडतात, वरून गर्भाशयाचा दाब, त्यामुळे लघवी तुंबून राहते आणि साधं इन्फेक्शन पटकन वर चढतं, आणि त्याने कळा लवकर सुरू होऊ शकतात. तर मुख्याध्यापकांशी भांडायला पाहिजे होतं मी टॉयलेटसाठी, आणि मी बसले होते श्वासाचे व्यायाम करत, ताण कमी करायला!

रातपाळी:
+१००. आमच्यातल्या निम्म्या जणी पाणी न पिता ड्युटी करतात.

निशिगंध:
माझं उलट आहे, मी दिवसभर बसूनच. सकाळी ९ ते रात्री ८, मध्ये जेवायला उठते तेवढंच. आणि कॉफी. खरं सांगू? चार मग. मशीनची. चौथा संध्याकाळी ६ ला, कारण तेव्हा डोळे मिटायला लागतात.

स्टेथो:
अगं मग तुझ्या पहाटे ३ च्या जागेचा एक साथीदार तर इथेच सापडला!

गरोदरपणात कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. इन्स्टंट कॉफीच्या एका मगात साधारण १००, फिल्टर कॉफीच्या मगात १४० च्या आसपास, चहाच्या मगात ७५, कोलाच्या कॅनमध्ये ४०. तुझे चार मग म्हणजे ४०० ते ५६०. आणि गंमत अशी की जसजसे महिने पुढे सरकतात तसतसं शरीराला कॅफिन बाहेर टाकायला जास्त वेळ लागतो. एरवी अर्धं कॅफिन उतरायला पाचेक तास लागतात, शेवटच्या तिमाहीत ते १५ तासांपर्यंत जातं. म्हणजे तेव्हा संध्याकाळी ६ चा मग दुसऱ्या दिवशी सकाळी ९ लासुद्धा अर्धा शिल्लक. एकदम बंद केलंस तर डोकं ठणकेल, दर तीन-चार दिवसांनी एक मग कमी कर आणि दुपारनंतर नको.

बसण्याबद्दल, गरोदरपणात रक्त जास्त गोठू पाहतं, पायात गुठळी व्हायची शक्यता एरवीपेक्षा चार-पाच पट असते, तरी एकूणात ती कमीच, पण ११ तास खुर्चीला चिकटून राहायचं काही कारण नाही. तासाला एकदा उठ. फोन आला की उभी राहून बोल, चालत बोल.

शंकासुर:
पण मग "पूर्ण विश्रांती घ्या" सांगतात ते? माझ्या बहिणीला तीन महिने पलंगावरून उतरू दिलं नव्हतं.

स्टेथो:
तो जुना सल्ला आहे. झोपून राहिल्याने गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती टळते याला पुरावा नाही, उलट स्नायू जातात, गुठळीची शक्यता वाढते, आणि बाई छताकडे बघत वेडी होते. गुंतागुंत नसेल तर आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगतात, म्हणजे चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. वार खाली असेल, रक्तस्राव असेल, बीपी चढलेलं असेल तर वेगळं, ते तुमचे डॉक्टर सांगतील.

अर्धा_बाबा:
धागा बायकांचा आहे पण घुसतोय. मी निशिगंधचा नवरा नव्हे हं, आधीच सांगतो :D आमच्याकडे पाचवा महिना. मला एकच कळलं ते सांगतो. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे मूल व्हायच्या आधीची नवऱ्याची सिगारेट, दारू, मांडीवरचा तापलेला लॅपटॉप हे सगळं हिशोबात येतं, पण आमच्या घरात "आता सांभाळून राहा" फक्त तिलाच सांगितलं. मी दिवसाला सात-आठ ओढायचो. गॅलरीत जाऊन. गॅलरीत म्हणजे काय, दार उघडंच. एक दिवस ती म्हणाली तुझ्या शर्टाचा वास आला की उलटी येते, तेव्हा सुटली. सुटली म्हणजे दोनदा परत लागली, पण आता सात आठवडे झाले.

स्टेथो:
अभिनंदन, आणि दोनदा परत लागली हे मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल विशेष. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावतो, दुसऱ्याच्या धुरानेसुद्धा बाळाचं वजन कमी भरू शकतं. आणि दारू निघालीच आहे तर, गरोदर बाईसाठी "थोडीशी चालते" असं सुरक्षित प्रमाण कुणालाही ठरवता आलेलं नाही, म्हणून शून्य. दिवस गेल्याचं कळायच्या आधी एखाद्या पार्टीत घेतली असेल तर त्याचं भूत मानगुटीवर घेऊ नका, डॉक्टरांना सांगा आणि पुढे थांबा. जाता जाता, ज्यांचा विचार चालू आहे त्यांनी फॉलिक अ‍ॅसिड ४०० मायक्रोग्रॅम आधीपासूनच सुरू करावं, कारण बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते, तोवर अनेकींना पाळी चुकल्याचं जेमतेम कळलेलं असतं.

दुसरी_बाजू:
मी तीन आयव्हीएफवाली, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांच्या तीन फेऱ्या (सायकल) केलेली. "टेन्शन घेऊ नको" ची मोठी बहीण म्हणजे "तू रिलॅक्स झालीस की आपोआप होईल बघ". दुसरी सायकल फेल गेली तेव्हा नणंद हे बोलली आणि मी हातातला कप जोरात खाली ठेवला तर त्याचा कान तुटून माझ्या बोटात राहिला. मग रात्री शोधत बसले. २०११ मध्ये १४ अभ्यास एकत्र करून बघितलं होतं, साडेतीन हजारांवर बायका, उपचारांआधी कोण किती टेन्शनमध्ये होतं त्यावर त्या सायकलमध्ये राहिलं की नाही हे अवलंबून नव्हतं. मी त्याचं प्रिंटआउट काढून फ्रीजवर लावलं. तिसऱ्या सायकलला मी आधीपेक्षा दुप्पट टेन्शनमध्ये होते. मुलगी आता चार वर्षांची आहे आणि आत्ता शेजारी बसून सोफ्यावर स्केचपेनने लिहितेय.

निशिगंध:
कपाचा कान :D :D दोन दिवसांत इतका फरक पडलाय ना मला. पण एक विचारते, थोडं वेगळं. दिवसा मला सगळं पटतं. रात्री ३ ला काही पटत नाही. रोज पोटाला हात लावून बघते, काही कळणार नसतंच अजून, तरी बघते. बाथरूमला गेले की दर वेळी टिश्यू दिव्याखाली धरून बघते रक्ताचा डाग आहे का. दिवसातून आठ-दहा वेळा. हे नॉर्मल आहे का?

काजवा:
मी २०व्या आठवड्यापर्यंत टिश्यू बघत होते. कुणाला सांगितलं नव्हतं आजपर्यंत.

दुसरी_बाजू:
मीपण. मला वाटायचं मीच एक.

स्टेथो:
एकदा गमावल्यावर असं होतंच, तुझं मन दारात उभं राहून पहारा देतंय. पण निशिगंध, हे मी गंभीरपणे लिहितेय. एक म्हणजे पुढच्या भेटीला हेच वाक्य डॉक्टरांना सांग, टिश्यूसकट. एक जास्तीची भेट, ठोके ऐकवणं, याने खूप शांत वाटतं आणि त्यात मागायला लाजण्यासारखं काही नाही. दुसरं, एडिंबरा स्केल म्हणून १० प्रश्नांची एक साधी प्रश्नावली आहे, १९८७ पासून वापरात आहे, मुळात बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनसाठी केलेली पण गरोदरपणातही वापरतात. गेल्या ७ दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारतात. गरोदर बायकांपैकी जगभरात साधारण १० टक्क्यांना मानसिक आजाराचा त्रास होतो, मुख्यतः डिप्रेशनचा, त्यामुळे हे बीपी बघण्याइतकंच नेहमीचं समज. दोन आठवडे सतत उदास, कशातच मन नाही, झोप-भूक गेलेली असेल तर थांबू नकोस, आणि जगण्यात अर्थ नाही असा विचार एकदा जरी आला तर त्याच दिवशी सांग. गरोदरपणात चालणारे उपचार आहेत, बोलण्याचे आहेत आणि गोळ्याही आहेत. आणि जिच्या गोळ्या आधीपासून चालू आहेत तिने स्वतःच्या मनाने त्या एकदम बंद करू नयेत.

माई:
बाळे, मी ७१ वर्षांची आहे, नात टाइप करून देतेय. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, कानाला हेडफोन लावून नऊ महिने काम केलं. मला तेव्हा कामाचा त्रास नाही झाला. संध्याकाळी घरी आल्यावर परत सगळ्यांचं करायचं त्याचा झाला. नोकरीचा ताण म्हणता, घरच्या दुसऱ्या नोकरीचं कुणी मोजत नाही. तुझा नवरा हा धागा वाचत असेल तर त्याला म्हणावं रात्रीची भांडी.

निशिगंध:
माई, वाचतोय तो. उठला :))

खुर्ची_क्रमांक_४:
मी एचआरमध्ये आहे, बॉसशी बोलायचं कसं ते सांगते. "मला फार स्ट्रेस होतोय" म्हणून जाऊ नकोस, त्यावर समोरचा सहानुभूती देतो आणि पाणी मागवतो, बाकी काही होत नाही. मोजता येईल असं माग. संध्याकाळी ७ नंतर कॉल नाही, आठवड्यात दोन दिवस घरून काम, तपासणीच्या दिवशी अर्धा दिवस, सीझनमध्ये कुठल्या दोन फाइल दुसऱ्या कुणाकडे जाणार. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. आणि बोलणं झाल्यावर त्याच दिवशी मेल, "आपलं ठरल्याप्रमाणे" असं सुरू करून. कायदे देशोदेशी वेगळे आहेत, पण आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या १८३ नंबरच्या करारात निदान १४ आठवड्यांची रजा आणि आई-बाळाला घातक ठरणारं काम करायला लावू नये असं स्पष्ट म्हटलंय, आपापल्या ठिकाणचा नियम काढून वाचा, बहुतेकींना स्वतःचेच हक्क माहीत नसतात.

शंकासुर:
"सहानुभूती देतो आणि पाणी मागवतो" हे माझ्या बॉसचं अचूक वर्णन आहे.

निशिगंध:
मंडळी, धागा वर काढतेय. २९वा आठवडा चालू आहे!! मुलगा-मुलगी काही माहीत नाही, पण हात-पाय भरपूर आहेत एवढं कळतंय.

सांगायचं राहिलेलं सगळं एका दमात सांगते. डॉक्टरांना टिश्यूचं सांगितलं, त्या हसल्या नाहीत, दर दोन आठवड्यांनी पाच मिनिटं ठोके ऐकवून पाठवायच्या १८व्या आठवड्यापर्यंत, आणि एका समुपदेशकांकडे सहा वेळा जाऊन आले. कॉफी एक मग, सकाळी. ३ ची जाग पूर्ण गेली नाही, पण आता ३ ला उठून लघवीला जाते आणि परत झोपते, म्हणजे प्रगती म्हणायची. बॉसशी मोजून बोलले. सात नंतरचे कॉल बंद झाले, दोन फाइल गेल्या, घरून काम एकच दिवस मिळालं, दुसऱ्यासाठी अजून मेलामेली चालू आहे. ऑडिट तरी झालंच, आणि एका रात्री मी ११ पर्यंत बसलेपण, आणि दुसऱ्या दिवशी बाळ नेहमीसारखं लाथा मारत होतं. त्या दिवशी ऑफिसच्या टॉयलेटमध्ये उभी राहून हसत होते एकटीच.

पाय सुजतात संध्याकाळी, म्हणून टेबलाखाली प्रिंटरच्या कागदाचं रिकामं खोकं आडवं ठेवलंय, त्यावर पाय. ऑफिसबॉय दोनदा रद्दीत घेऊन गेला, आता त्यावर मार्करने "हे फेकू नये" लिहिलंय.

स्टेथो:
वा, फार छान वाटलं वाचून! २८ नंतर झोपताना कुशीवर, पाठीवर नको, मध्येच जाग आली आणि पाठीवर असलीस तर घाबरू नकोस, परत कूस घे. आणि संध्याकाळची पायाची सूज चालेल, पण चेहरा-हात एकदम सुजले, डोकं जबरदस्त दुखायला लागलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं, बरगडीखाली दुखलं, किंवा बीपी १४०/९० च्या वर गेलं तर सीझन-फाइल सगळं तसंच टाकून त्याच दिवशी हॉस्पिटल. बाळाच्या हालचाली नेहमीपेक्षा कमी वाटल्या तरीही तसंच, "उद्या बघू" नाही.

निशिगंध:
हो, हे फ्रीजवर लावते, दुसरी_बाजूसारखं.

रातपाळी:
आमच्या वॉर्डात आता तिघी गरोदर आहेत, तिघींचंही नाव इनचार्ज सिस्टरांनी स्वतःहून डे ला टाकलं. मागायला लागलं नाही.

खडू_फळा:
निशिगंध, ते खोकं किती उंच आहे गं साधारण? मी इथे विटा आणि पुस्तकं लावून बघितली पण गुडघे फार वर येतात. आणि हो, आमच्याकडे टॉयलेटचा अर्ज अजून "विचाराधीन" आहे, मी दर सोमवारी आठवण करायला जाते, शिपाईकाका मला बघितलं की आता स्वतःच दार उघडतात.

निशिगंध:
वीतभर असेल, थांब उद्या पट्टीने मोजून सांगते.